आप्पा उठले म्हणून…

आप्पा गेल्याचा निरोप पप्पांनी माझ्या ऑफिसच्या फोनवर दिला. "सकाळी धारा काढल्या आणि गोठ्यातच खाली बसले… शिरूरला न्यायला जीप आणेपर्यंत…" एवढंच ते बोलले. पुढं बराच वेळ फोनवर दौंड स्टेशनवरच्या घोषणांचाच आवाज येत राहिला. पप्पा रेल्वेत आहेत, निरोप त्यांना कामावरच मिळाला होता. मी पुण्याहून न्हावऱ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वस्तीवरच्या घरात त्यांची चप्पल दाराशी तशीच होती आणि काकी भिंतीला टेकून बसली होती.

सावडायच्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथं, गावातल्या तरुण मंडळानं फ्लेक्स लावला. आप्पांचा जुना फोटो होता, डोक्याला फेटा, छातीवर जत्रेचा लाल बिल्ला. खाली लिहिलं होतं, "एक निःस्वार्थी स्वयंसेवक हरपला." आप्पांचा मुलगा सोमनाथ घरी येऊन ते कौतुकानं सांगायला लागला, तर काकी पहिल्यांदाच काहीतरी बोलली.

"सोमा, त्या पोरांना म्हनावं, फोटु राहू द्या. तेवढा शब्द काढा."

"आगं, चांगलं लिवलंय त्यांनी."

"चांगलं हाय ते मलाबी कळतंय. त्यांला सोसलं नसतं."

घरात त्या वेळी पाच-सहा माणसं होती. कुणीही 'का' म्हणून विचारलं नाही. सगळ्यांनी खाली बघितलं. आता दीड महिना होत आला, तरी मला घरच्यांच्या त्या खाली गेलेल्या माना आठवतात. त्यात माझीही एक होती. पोरांना सांगायला मात्र कुणी गेलं नाही.

आमच्या वस्तीवर लग्न असो, बारसं असो, नाहीतर बिरोबाच्या जत्रेचं जेवण, वाढायला कुणाला बोलवावं लागत नाही. घरटी एक माणूस आपला येतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि समोर दिसेल ते भांडं उचलतो. कोण आलं, कोण नाही, हे कुणी बोलून दाखवायचं नाही. 'मी वाढलं' असंही कुणी म्हणायचं नाही. म्हटलं तर लोक हसतात. आप्पांकडे आमटीची बादली असायची. हे काम कुणालाच नको असतं, कारण आमटी उकळती असते, बादली जड असते आणि वाकून वाकून कंबर जाते. त्यांची बादली स्टीलची होती, ते कामाला होते त्या कंपनीनं दिवाळीला दिलेली, बाहेरच्या बाजूला कंपनीचं नाव कोरलेलं. जत्रेच्या कमिटीचा तो लाल बिल्ला ते फक्त पोरांना मजा वाटते म्हणून लावायचे.

मी दौंडला इंग्लिश मीडियममध्ये शिकत होते आणि सुट्टीत वस्तीवर आले की पंगतीत गुडघे जवळ घेऊन, अंग चोरून बसायचे. आप्पा मला 'मिस' म्हणायचे, माझ्या शाळेतल्या बाईंना आम्ही मिस म्हणायचो म्हणून. आमटी वाढता वाढता मध्येच थांबून म्हणायचे, "मिस, सांडलं तर सांडू द्या. पत्रावळ काय इंग्लिशमधी रागवायची न्हाई." सगळी पंगत हसायची आणि मी लाल व्हायचे.

शेवटची पंगत उठली, की वाढप्यांची पंगत बसते. त्याआधी आप्पा मांडवाच्या टोकाला जायचे, तोंडाशी हात धरायचे आणि रस्त्याच्या दिशेनं मोठ्यानं ओरडायचे, "कुणी राहिलंय का जेवायचं?" मग कुठून तरी टेम्पोचा ड्रायव्हर निघायचा, वाजंत्र्यांतला एखादा निघायचा, कधी नुसताच एसटीची वाट बघणारा परका माणूस. त्याला दंडाला धरून आणायचे, बसवायचे, आणि मग स्वतः बसायचे. त्यांना जेवताना बघायला मला आवडायचं. त्यांच्याइतकं निवांत मी कुणालाच जेवताना पाहिलं नाही.

आप्पा कुरकुंभच्या एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर होते. न्हावऱ्याहून रोज जाणं-येणं जमायचं नाही, म्हणून शिफ्टच्या दिवसांत ते दौंडला आमच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांच्या कपड्यांना एक उग्र वास असायचा. आईनं त्यांच्यासाठी दाराबाहेर वेगळी खुंटी ठोकून घेतली होती. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा दत्तूकाका यायचे. ते त्याच प्लँटवर हेल्पर होते. गावाकडं त्यांना ना रान, ना घर. कुरकुंभला भाड्याची खोली, बायको, दोन मुली. स्वभावानं मात्र इतके बोलके, की मीसुद्धा पुस्तक बाजूला ठेवून ऐकत बसायचे. टीव्ही घ्यावा का, मुलीला कुठल्या शाळेत घालावं, दाढ काढावी की ठेवावी, सगळं ते आप्पांना विचारायचे. आई चेष्टा करायची तर म्हणायचे, "वहिनी, माझं लगीनबी आप्पांना इचारूनच झालं असतं. पर काय करता, तवा वळख न्हवती."

एकदा शाळेत मिसनी विचारलं होतं, एनी व्हॉलंटियर्स? सगळ्या वर्गानं माना खाली घातल्या. माझी मान कायमच खाली असायची, तरी बोट माझ्याकडे आलं. यू विल व्हॉलंटियर. गॅदरिंगला स्टेजवर पाहुण्यांना हार द्यायचा होता. रात्री जेवताना मी रडवेली होऊन हे सांगितलं, तर आप्पांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

"म्हंजी तुला धरून न्यायचं, आन् वर म्हनायचं, पोरगी आपनहून आली?"

"असंच असतंय म्याडम," दत्तूकाका म्हणाले, "आमच्याकडं ओव्हरटाइमबी आसंच आपनहून आसतंय."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी बारावीला होते. कंपनीत काहीतरी चाललंय हे आप्पांच्या गप्प राहण्यावरून कळत होतं. एका संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मिस, व्हॉलंटरी म्हंजी त्येच ना गं, तुझ्या बाईंचं?"

"हो आप्पा. स्वतःहून. आपल्या मनानं."

"मनानं आसंल तर सही कशाला लागती?" असं म्हणून ते हसले. पण लगेच गंभीर झाले. "आसू दे. आपन तर खरंच मनानं जानार."

ते पप्पांना व्हरांड्यात समजावून सांगत होते, ते मला आतून ऐकू येत होतं. कंपनीला माणसं कमी करायची होती. साहेबानं आप्पांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की नोकरी सोडायला तयार अशी थोडीच नावं हवी आहेत. ती स्वेच्छेनं आली, तर बाकी कुणाला हात लावायचा नाही. आप्पांनी ते खरं धरलं होतं. "मला रान हाय, दोन म्हशी हायेत, सोमा हाताशी आलाय. मी नाव दिलं तर दत्तूवानी एकाचं वाचंल."

"आप्पा, पण हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?" पप्पांनी विचारलं.

"कुनाला?"

"दत्तूला, बाकीच्यांना. की तुम्ही कशासाठी नाव देताय ते."

"येडा हायेस का बाळू? सांगायचं काय त्यात? उपकार केल्यावानी व्हईल."

मला ते वाक्य त्या वेळी फार आवडलं. आमच्याकडं असंच असतं. वाढणारा बोलून दाखवत नाही.

मग एक दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना एकत्र बसवलं. पुढचं मला आप्पांनी सांगितलेलं आहे, त्याच संध्याकाळी, दारातल्या खुंटीपाशी उभं राहून, शर्ट न काढता. साहेबानं विचारलं, स्वतःहून कोण पुढं येतंय? कुणी हललं नाही. मग आप्पा उठले. "मी उठलो आन् मला बरं वाटलं बघ. हलकं वाटलं. तेवढ्यात मागं बाकडं सरकल्याचा आवाज आला. वळून बघतो तर दत्तू. म्हनलं, आरं तू कशाला? बस खाली. तर हसून म्हनतो कसा, आप्पा उठलं म्हंजी काहीतरी बघूनच उठलं असत्याल. त्याच्या मागनं दुसरा. त्याच्या मागनं आख्खी रांगच. मी बसा बसा म्हनून वरडतोय, आन् साहेब…" इथं ते थांबले. "साहेब टाळ्या वाजवाय लागला. मग सगळ्यांनीच वाजवल्या."

आप्पांनी दुसऱ्या दिवशी साहेबाला गाठून खूप सांगून पाहिलं. साहेब म्हणाला, आम्ही कुणावर जबरदस्ती केलेली नाही, सगळे स्वेच्छेनं आलेत, तुमच्या डोळ्यांसमोर आलेत. ते खोटंही नव्हतं. दत्तूकाकांनाही आप्पांनी खरं कारण सांगितलं, पण तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. त्यावर ते काय म्हणाले, हे आप्पांनी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर ते न्हावऱ्याला कायमचे निघाले, तेव्हा त्यांची ट्रंक आणि ती बादली घेऊन मी त्यांच्याबरोबर एसटीनं गेले होते. दौंड सोडलं की भीमेचा पूल लागतो. लहानपणी प्रत्येक वेळी त्या पुलावर आप्पा मला खाली बोट दाखवून एकच गोष्ट सांगायचे. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, पूल लांब असायचा, मेंढरं पाण्याला बुजायची. मग आजोबा एका मोठ्या मेंढ्याला शिंगाला धरून पाण्यात उतरवायचे. तो उतरला, की मागचा कळप काही न बघता त्याच्यामागं जायचा. पाणी किती आहे, ओढ किती आहे, एकही मेंढरू बघायचं नाही. त्या दिवशी पूल आला तेव्हा आप्पांनी बोट दाखवलं नाही. पूल संपल्यावर, समोरच्या सीटकडे बघत म्हणाले, "धनगराच्या पोटी जन्मलो मिस… आन् मला हे कळू नये?"

 

पुढच्या जत्रेला कमिटीची पोरं बिल्ला घेऊन आली, तर आप्पा म्हणाले, "कंबर धरतीय." बादली त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर उपडी टांगून ठेवली होती. तिच्यावरचं कंपनीचं नाव विटेच्या तुकड्यानं घासून घासून काढलं होतं, तिथं एक खरबरीत पांढुरका डाग पडला होता. आप्पा आता पहिल्या पंगतीत बसायचे, घाईघाईनं चार घास खायचे आणि टोपी सारखी करत निघून जायचे. मांडवाच्या टोकाला जाऊन हाक मारणं तर सोडूनच दिलं. लोकांना वाटलं, नोकरी गेली म्हणून मन लागत नसेल. लोक चांगल्या मनानं विचारायचे, "आप्पा, काय नाराज हाय का आमच्यावर?" तेव्हा त्यांचा चेहरा बघवायचा नाही. माणसाला शरम वाटत असताना त्यालाच कुणी 'आमचं काही चुकलं का' विचारावं, याहून वाईट काय असेल…

पुण्यात कॉलेजला गेल्यावर मी एनएसएसच्या कॅम्पला गेले होते. दगडं उचलून एक बांध घातला, त्याचं सर्टिफिकेट मिळालं, आईनं ते फ्रेम करून दौंडच्या घरी लावलं. आप्पा आले तेव्हा त्यासमोर उभे राहून एकेक अक्षर जुळवत होते. व्हॉलंटियर हा शब्द तेवढा त्यांना ओळखू आला. "ह्यात कुनाचं काय गेलं न्हाई ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही आप्पा. "मग ब्येस."

त्याच सुमाराला वस्तीवरच्या उकिरड्यावर डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल आला होता. कुणी बी टोकलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी चांगला पसरून त्याला मोठं डांगर लागलं होतं. मी सहज म्हणून सांगितलं, की असं आपलं आपण उगवून आलेल्या झाडालाही इंग्रजीत व्हॉलंटियर म्हणतात. मला वाटलं ते हसतील. ते वेलाकडे बघत राहिले. "ह्याचं बरं हाय. उगवलं एकटं. ह्याच्या मागनं कुनी आलं न्हाई."

दत्तूकाका नोकरी सोडताना मिळालेल्या पैशावर काही काळ निभावून सणसवाडीला गेले होते, ठेकेदाराकडे. आप्पांना त्यांचा पत्ता कुणाकडून तरी मिळाला. मला पुण्याला सोडायचं निमित्त करून ते एसटीत बसले आणि आम्ही सणसवाडीला उतरलो. ज्वारीची अर्धी गोणी बरोबर होती. ओळीनं पत्र्याच्या खोल्या होत्या, बाहेर यूपी-बिहारकडची मुलं कपडे धूत होती. दत्तूकाका रात्रपाळी करून झोपले होते. उठून बाहेर आले. केस पांढरे झाले होते, पण मला बघितल्यावर म्हणाले, "म्याडम आल्या! आता मी शुद्ध बोलतो. प्लीज सीट डाऊन." आणि पत्र्याचा डबा पुढं सरकवला. मी बसले. आप्पा उभेच.

आतून दत्तूकाकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. चहा सगळ्यांना दिला आणि ज्वारीच्या गोणीकडे न बघता म्हणाल्या, "आप्पा, राग मानू नका. पर तुमी उठला नसता तर ह्ये उठलं नसतं."

"आगं ये, गप," दत्तूकाका म्हणाले.

"मी कुठं भांडतीय? झालं ते बोलली. थोरलीची शाळा सुटली. ती आता पॅकिंगला जाती."

आप्पांनी मान हलवली. "खरं हाय वैनी," एवढंच म्हणाले. चहा तसाच हातात होता. दत्तूकाका काहीतरी विनोद करायला गेले, पण तो अर्ध्यात राहिला. निघताना आप्पांनी गोणी आत ठेवायला उचलली, तेव्हा दत्तूकाकांनी तिच्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या आप्पा. ह्ये घिऊन जावा. तुमी आला, ब्येस झालं." गोणी परत आली. पुण्याच्या एसटीत मला बसवून आप्पा ती गोणी पायाशी घेऊन उलट्या बाजूला, न्हावऱ्याच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. खिडकीतून मला ते बराच वेळ दिसत होते. त्यांच्या पायाशी कुणीतरी ओझं टाकून गेल्यासारखं.

तेराव्याला घरात सगळ्यांना एकच धास्ती होती, पण बोलत कुणी नव्हतं. कुरकुंभची माणसं येतील का? न आली तर गावाला कळेल, आणि आली तर काय तोंड दाखवायचं… सकाळी फाट्यावर एसटी थांबली आणि त्यातून चार-पाच जण उतरले. सगळे वयानं वाकलेले दिसत होते, त्यांच्या मागून दत्तूकाका. काकीला लांबूनच हात जोडून ते सरळ गोठ्याकडे गेले. भिंतीवरची बादली काढली, हौदावर स्वच्छ धुतली, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि आचाऱ्यापुढं नेऊन धरली.

सगळ्या पंगतींना आमटी त्यांनी वाढली. एका हातानं, आप्पांसारखीच, पायावर एक थेंबही न सांडता. माझ्यासमोर आले तेव्हा "म्याडम, घ्या अजून" म्हणाले, पण वर बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, इतक्या वर्षांचं काहीतरी उतरलं. पप्पांच्या चेहऱ्यावरही मी तेच बघितलं.

वाढप्यांची पंगत बसायला लागली. दत्तूकाकांसाठी मधली जागा ठेवून सोमनाथनं पत्रावळ मांडली. त्यांनी बादली मांडवात ठेवली, हात धुतले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि पिशवी उचलली.

"काका, जेवून जावा की!" सोमनाथ मागं धावला.

"जेवलो म्हनून समज."

काकी त्या दिवसांत दाराबाहेर येत नव्हती, ती उंबऱ्याशी आली. "दत्तूभावजी, आज तरी…"

दत्तूकाका थांबले. "वैनी, वाढाय आलो हुतो. त्येंनी मला कवाच उपाशी ठिवला न्हाई. पर आज…" त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "घास उतरायचा न्हाई."

ते गेले. बाकीचे कुरकुंभवाले मान खाली घालून जेवले. मधली पत्रावळ तशीच राहिली, सोमनाथनं ती उचलली नाही, वाऱ्यानं तिची कड वर-खाली होत होती. बादली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तळाला थोडी आमटी उरली होती आणि बाहेरच्या त्या खरबरीत डागावरून एक ओघळ सुकत चालला होता.

आता ती पुन्हा गोठ्यातल्या भिंतीवर उपडी टांगलेली आहे. गेल्या रविवारी मी वस्तीवर गेले होते तेव्हा काकीला म्हटलं, आत घेऊन ठेवू का? ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच. दिसती जाता-येता." मी डागावरून बोट फिरवलं आणि परत आले.

त्या दिवशी वाढप्यांची पंगत उठेपर्यंत मांडवाच्या टोकाला कुणीच गेलं नाही. पप्पा नाही, सोमनाथ नाही, मी नाही. ती हाक कुणी मारलीच नाही. मारली असती तर ऐकू गेली असती. फाट्यावर, आप्पांच्या फोटोखाली, दत्तूकाका अजून एसटीची वाट बघत उभे होते.